झोंबणारा वास म्हणजे स्वच्छता नव्हे

दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या वस्तीत त्या दिवसांत किती धांदल असते ते तुम्हाला सांगायला नको. कोणी भिंतीला रंग काढतो, कोणी पताका लावतो, आणि बायका घर धुऊन काढतात. रात्री साडेनऊला शेजारच्या गल्लीतली मुलगी धावत आली. "मावशी चला, आईला श्वास घेता येईना." मी तशीच अनवाणी गेले. तिची आई दारात उकिडवी बसली होती. डोळे लाल, नाकातोंडातून पाणी, आणि खोकल्याची उबळ थांबतच नव्हती. आत पाऊल टाकले तर माझाही घसा धरला. मोरीत धूर वगैरे काही दिसत नव्हते. नुसता वास होता, डोळ्यांत मिरची गेल्यासारखा.

तिने काय केले होते? मोरीच्या लाद्यांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे थर चढले होते. ते काढायला तिने सायकलवाल्याकडून घेतलेले ॲसिड ओतले. डाग पुरते निघेनात, म्हणून वरून टीसीएल पावडर टाकली आणि घासायला बसली. एक वस्तू सफाईची, दुसरीही सफाईची. दोन्ही मिळून दुप्पट सफाई होईल, असा सरळ हिशेब. कोणी शिकवलेच नाही तर दुसरा हिशेब करणार तरी कसा?

आम्ही तिला बाहेर मैदानात नेले, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आले की धाकटा मुलगा आत चटईवर झोपला आहे. मोरीपासून सहा-सात फुटांवर. उचलून आणला तेव्हा तो ओकत होता. दोघांना रुग्णालयात नेले, ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर दिला. मुलगा दुसऱ्या दिवशी घरी आला, ती चौथ्या दिवशी. ठेकेदाराने चार दिवसांची मजुरी कापली. मी भेटायला गेले तर तिने पहिला प्रश्न विचारला, "ताई, मोरीचे डाग गेले का हो?" मला हसू आले नाही.

मी जीएनएमचा डिप्लोमा केलेली परिचारिका. चौदा वर्षे रुग्णालयांत काम केले, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करते. या पानावर मी बीपी, शुगर, बाळंतपण यांवर लिहिले आहे. आज घरातल्या आणि कामावरच्या रसायनांवर लिहायचे आहे. आपल्या घरांत ती डब्यात, बाटलीत, पुडीत येतात आणि आपल्याला ती रसायने वाटतच नाहीत.

पहिल्यांदा एक अवघड गोष्ट बोलते. आपल्या समाजात स्वच्छतेला वेगळा अर्थ आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांना घाणेरडे म्हटले गेले, त्यांच्या घरात पितळी भांडे चकाकते ते उगाच नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण केले. स्वच्छ राहा, जात ओळखू येईल अशी लुगड्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. आपल्या आज्यांनी ते ऐकले आणि घरे बदलली. माझी आजी पाण्याच्या दोन हंड्यांत घर, मुले आणि स्वतःला लख्ख ठेवायची. तिच्याकडे राख होती, माती होती, नारळाची शेंडी होती, पुढे साबणाची वडी आली.

आपण मात्र स्वच्छतेची परीक्षा नाकाने घ्यायला लागलो. पाहुणे येणार म्हटले की फिनेल जास्त टाकायचे, म्हणजे दारातच वास यावा. ज्या मॅडमकडे आपण लादी पुसतो तीही म्हणते, "वास आला पाहिजे." मॉलमधला सुपरवायझर तेच म्हणतो. जाहिरातही तेच सांगते. वास हा पुरावा झाला. खरे तर स्वच्छ लादीला कसलाच वास नसतो. रुग्णालयात आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात ते हे की आधी साबणपाण्याने घाण काढा, जंतुनाशक त्याच्यानंतर. घाणीवर ओतलेले ब्लीच घाणीशीच झुंजण्यात संपते, जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे न घासता डबल पावडर टाकणाऱ्या बाईचे पैसेही गेले आणि छातीही गेली.

आता त्या रात्री मोरीत काय झाले ते समजून घ्या. संडास-मोरीचे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. टीसीएल पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर, बाटलीतले पातळ ब्लीच हे तिचेच भावंड. या दोघांची गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांना मारायला वापरला होता तोच. हा वायू हवेपेक्षा साधारण अडीच पट जड असतो. तो वर जाऊन छपराच्या फटीतून निघून जात नाही, जमिनीलगत पसरतो. उभ्या माणसाला कमी लागतो, मोरीत उकिडवे बसून घासणाऱ्या बाईला जास्त लागतो, आणि सगळ्यांत जास्त लागतो तो चटईवर झोपलेल्या लेकराला. दहा बाय दहाच्या खोलीत, दार लोटलेले असताना, त्याला जायला दुसरी वाटच नसते.

बाजारात मिळणारे संडास साफ करायचे घट्ट निळे लिक्विडही बहुतेक वेळा ॲसिडच असते. त्यावर ब्लीच नको. सार्वजनिक मुतारी धुणाऱ्या बंधू-भगिनींनी आणखी एक लक्षात ठेवावे. साचलेल्या लघवीत अमोनिया असतो आणि त्यावर थेट ब्लीच पडले की वेगळा पण तसाच छाती जाळणारा वायू सुटतो. आधी भरपूर पाण्याने धुऊन काढा, मग पावडर. ब्लीच गरम पाण्यात कालवू नका. आणि एका दिवशी एकच वस्तू. आज ॲसिड वापरलेच असेल तर ब्लीच आज नाही.

चुकून असे झालेच तर काय करायचे? "पाणी ओतून धुऊन टाकते" म्हणत आत थांबायचे नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचे. आधी खाली झोपलेली मुले उचलायची, मग म्हातारी माणसे, आणि दार सताड उघडे ठेवायचे. डोळे वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवायचे, बादलीत पाणी असेल तर मगाने सतत ओतायचे. कपड्यांवर पडले असेल तर कपडे काढायचे. धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, खोकला थांबत नसेल तर १०८ ला फोन करा. छातीला बाम चोळून झोपवू नका. हा वायू लबाड आहे. आता बरे वाटते म्हणून माणूस झोपतो आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागते. म्हणून पहाटे धाप वाढली तर "कालच तर बरा होता" असे म्हणत सकाळची वाट पाहू नका.

दुसरी गोष्ट कोल्ड्रिंकच्या बाटलीची. सुटे ॲसिड, सुटे फिनेल, रॉकेल, थिनर हे सगळे आपल्याकडे पाण्याच्या नाहीतर सरबताच्या बाटलीत भरून मोरीच्या कट्ट्यावर ठेवलेले असते. उन्हातून खेळून आलेले पोर ती तोंडाला लावते. माझ्या नोकरीच्या काळात अशी मुले मी हाताळली आहेत. एकीची अन्ननलिका जळून इतकी आकसली होती की पुढे वर्षानुवर्षे तिला ती रुंद करून घ्यायला रुग्णालयात यावे लागे. तिच्या आईला मी आजही विसरलेले नाही, कारण तिने घाबरून मुलीला मिठाचे पाणी पाजून उलटी करवली होती. प्रेमापोटी केले, पण जे ॲसिड खाली जाताना जाळत गेले ते वर येताना पुन्हा जाळत आले. रॉकेलचेही तसेच. उलटी करवली की ते फुप्फुसात जाते. तेव्हा उलटी करवायची नाही, लिंबू चाटवायचे नाही, सोडा पाजायचा नाही. तोंड धुवा, बाटली सोबत घ्या आणि थेट मोठे रुग्णालय गाठा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र आहे, त्याचा मोफत नंबर १८०० ११६ ११७. दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

सुटे ॲसिड विकण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले आहे की विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहायचे, अठरा वर्षांखालच्यांना द्यायचे नाही. हे ॲसिड मुलींच्या तोंडावर फेकले जात होते म्हणून तो आदेश आला. आपल्या गल्लीत कॅन घेऊन येणाऱ्या सायकलवाल्याकडे कुठली नोंदवही? भगवान बुद्धांनी उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. तो सायकलवालाही पोटासाठीच फिरतो हे मला कळते. त्याच्याशी मी भांडत नाही. मी बायकांना म्हणते, आपण घेणे बंद करू, तो झाडू विकेल.

मग डाग कशाने काढायचे? पांढरे क्षार असतील तर किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळते. गरम पाण्यात घोळून डागावर ओता, तासभर राहू द्या, मग घासा. एका धुण्यात जात नाही, तीन-चार वेळा करावे लागते. (तेही ॲसिडच आहे, सौम्य आहे इतकेच, म्हणून त्याच्याबरोबरही ब्लीच नको.) तेलकट मोरीला धुण्याचा सोडा आणि काथ्याचा ब्रश. रोजच्या लादीला साबणाचे पाणी पुरते, फिनेल नसले तरी चालते. घरात कोणाला जुलाब-उलट्या झाल्या, रक्त सांडले, तर मात्र ब्लीच हवे. आधी पुसून, धुऊन, मग त्याच दिवशी कालवलेले, दार उघडे ठेवून. मी रसायनांची वैरी नाही हे इथे स्पष्ट करते. पाण्याच्या टाकीत पडणारे क्लोरीन आपल्या मुलांना कॉलरा आणि काविळीपासून वाचवते. आरोग्यसेविका थेंबांची बाटली देते ती फेकू नका. विहाराच्या दारात हल्ली "केमिकल-फ्री" म्हणून तीनशे रुपयांची बाटली विकायला येतात त्यांच्यापासून मात्र चार हात लांब राहा.

हा विषय वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतही येतो. त्यात लिहिलेले असते की काचेचे डबे वापरा, ऑरगॅनिक भाजी आणा, घरात हवा शुद्ध करणारे यंत्र लावा. वाचून मला राग येतो. ज्यांच्या घराला एकच दार आहे आणि ते दार गटाराकडे उघडते, त्यांनी यंत्र कुठे लावायचे? आपल्या घरातली विषे वेगळी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

पाण्याचा निळा ड्रम घ्या. पाणी एक दिवसाआड येते म्हणून आपण भंगारवाल्याकडून जुना ड्रम घेतो. त्यात आधी काय होते हे कोणी विचारते का? प्लास्टिक रसायन शोषून घेते, कितीही धुतले तरी ते पाण्यात उतरत राहते. ड्रमवर कवटीचे नाहीतर दुसरे कुठलेही धोक्याचे चित्र असेल, चित्र खरवडलेले असेल किंवा आत नाक घातल्यावर वास येत असेल, तर तो पिण्याच्या पाण्याला नको. रंगाचे डबेही नकोत. हा एक खर्च मी करायला सांगते. भिशीतून का होईना, पिण्याच्या पाण्यासाठी नवे पिंप घ्या.

डासांची कॉइल. डेंग्यूच्या दिवसांत मी कोणाला "लावू नका" म्हणणार नाही. पण २००३ च्या एका अभ्यासात असे आढळले की एक कॉइल जळून जितके सूक्ष्म कण हवेत जातात, ते ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असतात. मोजलेल्या कॉइल मलेशियाच्या आणि चीनच्या होत्या, पण आपल्या बंद खोलीत जळते तीही धूरच सोडते. दम्याचे मूल असेल तर मच्छरदाणी. माळ्यावर झोपणाऱ्याला धूर सगळ्यांत जास्त लागतो, कारण हा गरम धूर वर जातो. (क्लोरीन खाली, हा वर. आपल्या खोलीत सुटका कुठेच नाही, हे आमच्या गटातल्या एकीने हसत म्हटले होते.)

कपड्यांतल्या डांबरगोळ्यांबद्दल बाळंतिणींना सांगते. आजीने जपून ठेवलेली कुंची-झबली गोळ्यांतून काढून थेट बाळाला घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-६-पीडी नावाचे एक द्रव्य कमी असते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नुसत्या त्या वासाने फुटतात, बाळ पिवळे पडते, लघवी काळपट होते. आणि हे आधी ओळखू येत नाही. कपडे धुऊन, उन्हात घालून मगच वापरा. गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळवलेला पाला चालतो.

धान्यात किंवा ढेकणांसाठी कोणी "जालीम गोळी" आणून दिली तर ती घरात घेऊच नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची ती गोळी गोदामासाठी असते. हवेतल्या ओलीने तिच्यातून वायू सुटतो, तो भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा नाही. चाळीतले ढेकूण खाटा उन्हात टाकून आणि फटींत उकळते पाणी ओतून मारायला जास्त कष्ट पडतात, मान्य आहे.

चेहरा उजळ करणाऱ्या क्रीमबद्दल एकदा स्वतंत्र लिहीन. आज एवढेच की त्यांतल्या काहींत पारा सापडला आहे आणि पाऱ्याने मूत्रपिंड जाते. आपल्या मुलींना गोरे व्हायची गरज कोणी शिकवली, हा प्रश्न आरोग्याच्या पानावर मावणार नाही.

आता कामाकडे वळते, कारण दिवसाचे आठ-दहा तास आपण घरात नसतोच. इथे मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर लिहिली नव्हती.

मी एका रुग्णालयात होते. तिथे दुर्बिणीच्या तपासणीची उपकरणे ग्लुटराल्डिहाइड नावाच्या द्रावणात वीस-वीस मिनिटे बुडवून निर्जंतुक करत. एसी वाया जाऊ नये म्हणून त्या लहानशा खोलीची खिडकी सील केलेली होती. ट्रेला झाकण असायला हवे, ते तुटलेले. हातमोजे मिळायचे ते तपासणीचे पातळ. काही महिन्यांत मला खोकला लागला, डोळ्यांतून पाणी यायचे, बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलायची. सुट्टीच्या दिवशी खोकला कमी, सोमवारी पुन्हा सुरू. मी डिप्लोमा केलेली, मला ते कळले. मी तक्रार दिली आणि आठवड्याभरात माझी बदली वॉर्डात झाली.

त्याच खोलीत माझ्याबरोबर एक मावशी होत्या. आपल्याच समाजातल्या, शेजारच्या वस्तीत राहणाऱ्या. ट्रे भरायचे आणि ओतायचे काम त्यांचेच, म्हणजे वाफ माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त. त्यांनी बदली मागितली तेव्हा त्यांना सांगण्यात आले की बाहेर दहा जणी उभ्या आहेत. त्या ठेक्यावर होत्या. आणखी तीन वर्षे त्या तिथे होत्या. निघाल्या तेव्हा जिना चढताना मध्ये बसाव्या लागायच्या आणि पर्समध्ये पंप असायचा. मी तेव्हा माझ्यापुरती तक्रार केली. "आम्हा दोघींना" असे लिहिले असते तर? तो एक शब्द मी का लिहिला नाही, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक कामकरी माणसाला एकच प्रश्न विचारते. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? गावाला गेल्यावर खोकला, डोकेदुखी, खाज थांबते का? थांबत असेल तर दोष तुमच्या छातीत नाही, तुमच्या कामात आहे. हे डॉक्टरला आपणहून सांगा, कारण ओपीडीत दोन मिनिटांत तो विचारणार नाही. कोणत्या दिवशी काय वापरले आणि काय त्रास झाला हे मुलांच्या जुन्या वहीत लिहून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या चपलांना सोल्यूशन लावणाऱ्या दोन बहिणी घरातच काम करायच्या, डझनावर पैसे मिळायचे. पायातून चप्पल निसटलेली त्यांना कळायची नाही. अशा सोल्यूशनमध्ये हेक्झेन असते तेव्हा ते नसा मारते, आणि आधी पायांचीच बोटे बधिर होतात. त्यांना वाटत होते अशक्तपणा आहे, त्या टॉनिक पीत होत्या. डबा दाराबाहेर ओट्यावर नेला, झाकण लावायला सुरुवात केली, पण खरे सांगायचे तर काम सोडल्यावरच मुंग्या कमी झाल्या. काम सोडणे सगळ्यांना परवडत नाही, म्हणून ही गोष्ट उपाय म्हणून सांगत नाही, फक्त ओळख पटावी म्हणून सांगते.

हाउसकीपिंगच्या ठेक्यावर असणाऱ्या भगिनींनो, तुम्हाला सुपरवायझर मोठ्या कॅनमधून बिनलेबलच्या बाटलीत भरून देतो. त्यात काय आहे हे विचारणे उद्धटपणा नव्हे. प्रत्येक कारखान्याच्या रसायनासोबत एक सुरक्षा माहितीपत्रक असते. ते कंपनीकडे असतेच किंवा मागवता येते. ते मागा. कॅनच्या लेबलचा फोटो काढा. हातमोजे रबरी आणि कोपरापर्यंतचे हवेत, हॉटेलात भाकरी वाढतात तसले पारदर्शक नकोत. बूट हवेत, हात धुवायला साबण हवा, संडास धुताना पंखा सुरू हवा. आणि हे एकटीने मागू नका. एकटीला बाहेर उभ्या असलेल्या दहा जणी दाखवतात. सहा जणींनी एका कागदावर सही केली, पोच घेतली, की भाषा बदलते. हे मी तीन ठिकाणी पाहिले. चौथ्या ठिकाणी दोघींना काढले, तेही सांगते, लपवत नाही. त्या दोघींसाठी आम्ही कामगार आयुक्तांच्या कार्यालयात खेटे घालतो आहोत.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये कामगार स्त्री-पुरुषांच्या आरोग्याचा आणि ताकदीचा गैरवापर होऊ नये असे आले, अनुच्छेद ४२ मध्ये कामाची परिस्थिती न्याय्य आणि मानवी असावी असे आले. आपण संविधान डोक्यावर घेऊन मिरवतो. मग हातमोजे मागताना आपला आवाज खाली का जातो?

२०२० च्या मार्चमध्ये, लॉकडाऊनमध्ये घरी परतणाऱ्या मजुरांना उत्तर प्रदेशातल्या बरेलीत रस्त्यावर बसवून अंगावर जंतुनाशक फवारले होते. त्यांत बायका होत्या, मुले होती, डोळे चोळत होती. माणसांवर असे फवारू नये, असे नंतर आरोग्य मंत्रालयालाही सांगावे लागले. विमानातून आलेल्यांना कोणी असे रस्त्यावर बसवून फवारले नव्हते. कोणाचे शरीर धुण्याजोगी लादी आहे आणि कोणाचे नाही, हे या देशात आधीच ठरलेले असते. म्हणून माझ्या लेखी बाटलीवर लेबल मागणे हे फक्त आरोग्याचे काम नाही.

आमच्या विहारात गेल्या वर्षीपासून महिन्याच्या शेवटच्या रविवारी वंदना झाल्यावर बायका घरातल्या बाटल्या घेऊन येतात. मुली मार्करने नावे लिहितात, वाचता न येणाऱ्यांसाठी लाल रंगाची फुली मारतात. पहिल्या रविवारी तेवीस बाटल्या आल्या. नऊ कोल्ड्रिंकच्या होत्या. त्यांतल्या एका बाटलीत काय आहे हे ती आणणाऱ्या आजींनाही आठवेना. वास तिखट, रंग चहासारखा. एक जण म्हणाली, गटारात ओतून टाका. मी नको म्हटले, कारण आमच्या गटारात उतरतो तो माणूस आमच्याच चौथ्या गल्लीत राहतो. २०१६ च्या घनकचरा नियमांत असा घरगुती घातक कचरा वेगळा गोळा करायची जबाबदारी नगरपालिकेवर टाकली होती. आम्ही वॉर्ड ऑफिसात दोन अर्ज दिले, दोन्हींची पोच माझ्याकडे आहे, गाडी अजून आलेली नाही. बाटली दोन पिशव्यांत बांधून माझ्या पोटमाळ्यावर कुलुपात ठेवली आहे. तिसरा अर्ज या सोमवारी द्यायचा आहे. सह्या करायला रविवारी संध्याकाळी सात वाजता विहारात या.